आईच्या बेडक्यात ‘एनटीएम’ निघाले: रोग, खर्च आणि उशिराची किंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूचे गाव. आई ५८ वर्षांच्या, वजन ३८ किलो. २००९ साली टीबी झाला, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून सहा महिने औषध घेतले आणि बरे वाटले. २०१५ साली पुन्हा टीबी, आठ महिने गोळ्या आणि त्यांत सुया. २०२३ साली तिसऱ्यांदा खोकला, अंगात कणकण, बेडक्यात जंतू. खासगीत नऊ महिने टीबीचेच औषध दिले, थोडा उतार पडला आणि पुन्हा सगळे सुरू झाले. आता दोन वेगवेगळ्या बेडक्यांच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ‘मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स’ आले आहे. डॉक्टरांनी सांगितले, हा टीबी नव्हे, एनटीएम (नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया) आहे, दीड वर्ष औषध लागेल. मुलगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपमध्ये कामाला आहे. आतापर्यंत अडीच लाख गेले, त्यातले बरेच सोसायटीचे आणि बचत गटाच्या संघाचे कर्ज. त्याने विचारले आहे: हा रोग घरातल्या तीन वर्षांच्या मुलीला होईल का? दीड वर्षाचा खर्च कसा पेलायचा, शेताचा तुकडा विकावा का? आणि आशाताई म्हणतात की आता पोषणाचे पैसे मिळणार नाहीत, ते खरे का?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तराने आज रात्रीच घरात फरक पडेल. तुम्ही लिहिले आहे की आईची खाट सोप्यात टाकली आहे, ताट-तांब्या वेगळा केला आहे आणि नातीला त्यांच्याजवळ जाऊ देत नाही. सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी बेडक्याची यंत्रावरची तपासणी, निगेटिव्ह आहे आणि दोन्ही कल्चरमध्ये टीबीचा जंतू आलेला नाही, म्हणजे सोबत टीबीही आहे असा संशय उरत नाही. मग ताट वेगळे ठेवायचे कारण नाही. एनटीएम हे जंतू टीबीच्याच घराण्यातले आहेत, पण ते माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाहीत. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये एका विशिष्ट जातीबद्दल तसा संशय आहे, तेवढाच अपवाद. तो तुमच्या घराला लागू नाही. नातीला आजीच्या कुशीत झोपू द्या. मी पंचवीस वर्षे बेळगावात छातीचे रुग्ण पाहतो आहे. एनटीएमच्या बायकांची अर्धी भूक या वेगळ्या ताटाने मारलेली मी पाहिली आहे, आणि या रोगात वजन टिकवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे असते.

मग हा जंतू आला कुठून? पाण्यातून आणि मातीतून. टीबीचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू सोडले तर या घराण्यात २०० च्या आसपास जाती उरतात, त्या सगळ्यांना मिळून एनटीएम म्हणतात. नळाच्या पाइपात आतून जो बुळबुळीत थर बसतो त्यात, टाकीच्या तळाच्या गाळात, शेताच्या मातीत, धुळीत ते राहतात. क्लोरीनला ते सहज दाद देत नाहीत. आपल्याकडे ते आजचे नाहीत. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ साली बीसीजी लसीची मोठी चाचणी सुरू झाली. तिथे लसीने मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून संरक्षण दिल्याचे दिसले नाही, तेव्हा जी कारणे चर्चेत आली त्यांत हेही होते की तिथल्या माणसांच्या शरीराला मातीपाण्यातल्या या जंतूंची ओळख आधीच होती. म्हणजे आपण सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो. धडधाकट फुप्फुस त्यांना बाहेर टाकते. जिथे फुप्फुसाला आधीच जखम आहे तिथे ते ठाण मांडतात. तुमच्या आईंच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात दोन टीबींनी व्रण ठेवले, श्वासनलिका रुंदावल्या, एक लहान पोकळी राहिली. रुंद झालेल्या नळीत बेडका साचतो, आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावे तसा हा जंतू तिथे धरतो. त्यांच्या बारीक अंगकाठीची आणि चुलीच्या धुराची त्यात भर. वडगाव-शहापूरच्या मागावर सुताच्या धुळीत आयुष्य काढलेले, फौंड्रीत वाळूच्या धुळीत काम केलेले, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बसलेले असे दुखावलेल्या फुप्फुसाचे रुग्ण आपल्या भागात पुष्कळ आहेत. म्हणून ‘दुर्मीळ’ हा शब्द मी थोडा जपून वापरतो. टीबीसारखी या रोगाची नोंद करावी लागत नाही, आणि जे मोजले जात नाही ते दुर्मीळच दिसते.

आता मूळ दुखणे. या रोगाचा सगळ्यात मोठा खर्च औषधाचा नसतो, नाव कळायला लागणाऱ्या उशिराचा असतो. तुमच्या अडीच लाखांचा हिशेब मांडा. त्यातले एनटीएमच्या उपचारावर काहीच गेलेले नाही, कारण तो उपचार अजून सुरूच झालेला नाही.

उशीर कसा होतो ते समजून घ्या, म्हणजे कुणावर राग धरण्याची गरज राहणार नाही आणि पुढच्या वेळी योग्य प्रश्न विचारता येईल. बेडका काचेवर घेऊन रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की टीबी आणि एनटीएम दोन्ही सारखेच दिसतात, लाल काड्या. ‘जंतू दिसले’ एवढ्यावर टीबीचे औषध सुरू होते, आणि ज्या देशात टीबी इतका आहे तिथे शंभरातल्या बहुतेकांत ते बरोबरही असते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही यंत्रे फक्त टीबीचा जंतू ओळखतात. म्हणून काचेवर जंतू दिसले आणि सीबीनॅट निगेटिव्ह आले, की तिथेच थांबून विचार करायला हवा. तुमच्या आईंच्या २०२३ च्या कागदात नेमके हेच आहे: काचेवर ‘टू प्लस’, म्हणजे भरपूर जंतू, आणि सीबीनॅट निगेटिव्ह. हा जोड त्या वेळी कुणी बाजूबाजूला ठेवून पाहिला असता तर नऊ महिने वाचले असते. पण एक रिपोर्ट एका दवाखान्याचा, दुसरा दुसऱ्या लॅबचा, आणि सगळे पिशवीत एकत्र कोंबलेले. आपल्याकडे तर आणखी एक अडचण: अर्धे कागद कानडीत, अर्धे इंग्रजीत, आणि माणूस मिरजेला नाहीतर कोल्हापूरला गेला की तिथला डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

दुसरी फसगत अशी की टीबीच्या औषधाने थोडा उतार पडतो. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही दोन औषधे तुमच्या आईंच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतात. खोकला कमी होतो, दोन किलो वजन वाढते, सगळ्यांना वाटते निदान बरोबर होते. मग जंतू पुन्हा उचल खातो आणि ‘टीबी परत आला’ म्हणतात. काही रुग्णांच्या बाबतीत तर याहून वाईट होते. एनटीएमच्या बऱ्याच जाती टीबीच्या मुख्य औषधांना प्रयोगशाळेत मुळातच दाद देत नाहीत. तो रिपोर्ट पाहून ‘औषधांना न जुमानणारा टीबी’ असे लेबल लागते आणि त्या कडक औषधांचा मारा सुरू होतो. माझ्याकडे आलेल्या एका विणकर बाईंच्या पायांची आग आणि बधिरपणा त्या औषधांनंतर कायमचा राहिला. जंतूची जात कुणी विचारलीच नव्हती.

म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दोन कल्चरची वाट पाहिली, हे फार चांगले झाले. तुम्हाला ते दोन-अडीच महिने वाया गेल्यासारखे वाटले असणार. पण हा जंतू सावकाश वाढतो, द्रवात ठेवलेले कल्चर ‘निगेटिव्ह’ म्हणायला ४२ दिवस थांबावे लागते. आणि एका बेडक्यात तो सापडला म्हणजे रोग झाला असे होत नाही. नळाच्या पाण्याने चूळ भरून दिलेल्या बेडक्यात तो चुळीच्या पाण्यातूनही येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे तीन गोष्टी एकत्र मागतात: त्रास, सीटी स्कॅनवर तसे बदल, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या किमान दोन बेडक्यांत एकच जंतू. दुर्बीण घालून श्वासनलिका धुऊन घेतलेला नमुना असेल तर एकही पुरतो. तुमच्या आईंच्या बाबतीत तिन्ही आहेत. पुढच्या वेळी बेडका देताना उकळून गार केलेल्या पाण्याने चूळ भरा, सकाळी उठल्याउठल्याचा द्या, थुंकी नको, छातीतून आलेला हवा.

सगळ्यांना लगेच औषध लागते असेही नाही. ज्यांच्यात फक्त बारीक गाठी आणि थोड्या रुंद नळ्या आहेत, वजन टिकून आहे, त्यांना मी कधीकधी सहा महिने नुसते लक्ष ठेवून थांबवतो. पण तुमच्या आईंना पोकळी आहे, वजन उतरते आहे आणि काचेवरही जंतू दिसतात. इथे थांबू नये.

औषधाबद्दल. तीन गोळ्या मुख्य: अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल. पोकळी असल्याने त्या रोज घ्यायच्या आणि पहिले दोन-तीन महिने अमिकासिनची सुई जोडायची, बहुतेक वेळा आठवड्यातून तीनदा. ‘दीड वर्ष’ हा आकडा ठरलेला नाही, त्याचे घड्याळ वेगळे चालते. बेडक्यातला जंतू ज्या महिन्यात नाहीसा होतो, तिथून पुढे १२ महिने औषध घ्यायचे. जंतू चौथ्या महिन्यात गेला तर सोळा महिने, सहाव्यात गेला तर अठरा. म्हणून दर महिना-दोन महिन्यांनी बेडक्याचे कल्चर करायचे असते. तो खर्च वाचवावासा वाटतो, पण वाचवू नका. कल्चर नसेल तर घड्याळ कधी सुरू झाले हेच कळत नाही आणि औषध एकतर लवकर बंद होते किंवा उगाच लांबते.

मोकळेपणाने सांगायचे तर या जंतूच्या उपचारात यश सर्वांना येत नाही, नियमित घेणाऱ्या दहांपैकी साधारण सहा-सात जणांचा बेडका साफ होतो. काहींना पुढे पुन्हा होतो, कारण पाणी आणि माती तीच असते. जात बदलली की गणित बदलते. ‘कान्सासाय’ असती तर निकाल याहून कितीतरी चांगला लागला असता. ‘अ‍ॅब्सेसस’ असती तर रुग्णालयात भरती होऊन शिरेतून दोन-तीन महागडी औषधे घ्यावी लागली असती, आणि तिथे शेत विकायची पाळी खरोखर येते. रिपोर्टवर नुसते ‘एनटीएम’ लिहिलेले असेल तर मी औषध लिहीत नाही ते यासाठीच. जात लिहून आणा म्हणतो. आपल्या इथल्या मोठ्या लॅबमध्ये जात कळली नाही तर नमुना पुढे पाठवता येतो, बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची संदर्भ प्रयोगशाळा आहे.

एक चाचणी तुमच्या कागदांत दिसत नाही, ती मागून घ्या: क्लॅरिथ्रोमायसिन या जंतूवर चालते की नाही, आणि अमिकासिन चालते की नाही. या दोनच औषधांच्या चाचणीचा निकाल या जंतूच्या बाबतीत भरवशाचा असतो. पंधरा औषधांचे मोठे पॅनेल करून घेण्यात पैसे घालू नका. ही चाचणी मी आग्रहाने सांगतो, कारण तुम्ही लिहिले आहे की गेल्या दोन वर्षांत खोकला वाढला की गावातल्या मेडिकलमधून आईंना ‘अ‍ॅझी ५००’ ची तीन गोळ्यांची पट्टी कितीदा तरी आणून दिली. तुम्ही प्रेमानेच दिली. पण या रोगात तेच औषध उपचाराचा कणा आहे, आणि ते एकटे दिले की जंतू त्याला सरावतो. एकदा सरावला की यशाची शक्यता फार घसरते. इथून पुढे अ‍ॅझिथ्रोमायसिन एकटे कधीच नको. तीन औषधांपैकी एखादे मिळाले नाही तर उरलेली तशीच चालू ठेवायची का, हेही आधी फोन करून विचारा.

आता शेत. विकू नका. मी असे ठामपणे क्वचित सांगतो, पण इथे सांगतो. हिशेब करून पाहू. अठरा महिने म्हणजे सुमारे ५४० दिवस. तिन्ही गोळ्या मिळून रोजचे ४५ रुपये धरले तर होतात २४,३०० रुपये. जनऔषधी केंद्रातून यातले जे मिळेल ते घेतले तर कमी. सुया आठवड्याला तीन, बारा आठवडे, म्हणजे ३६. सुईसाठी बेळगावला भरती होऊन राहण्याची गरज नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टोचून घेता येतात का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी सिस्टर मदत करतात. मग कल्चर, रक्त, डोळे, कान, आणि वर्षाअखेर एक सीटी. हे सगळे मिळून खर्च मोठा आहे, पण अठरा महिन्यांत विभागलेला आहे. तो एका दिवसात अंगावर येत नाही, म्हणून एका दिवसात जमीन विकून तो भागवू नये.

घर मोडते ते दुसऱ्या बाजूने. दर महिन्याला तुम्ही खाडा करून आईंना आणणार. दिवसाचे ६०० रुपये धरले तर अठरा खाड्यांचे १०,८०० गेले, शिवाय महिन्यात दोन खाडे झाले की मालकाची नजर बदलते. घरात बायको दिवसभर आजारी माणसाकडे, म्हणजे तिची रोजंदारी बुडाली. आई स्वतः भाताच्या लावणीला जात होत्या, ते थांबले. संघाचा आठवड्याचा हप्ता मात्र थांबत नाही, तो फेडायला दुसऱ्या ठिकाणाहून उचल. ही बारीक गळती डॉक्टरच्या बिलात कुठे दिसत नाही आणि माझ्या अनुभवात औषधाच्या खर्चापेक्षा ती जास्त भरते. टीबीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक रेघ आखली आहे: उपचारापायी कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक गेले तर तो खर्च आपत्तीचा धरायचा, आणि त्यात हे बुडालेले रोजही मोजायचे. एनटीएमच्या घरांना ही रेघ लावायला हवी, मग आपल्याकडचे चित्र दिसेल. अमेरिकेने स्वतःचे मोजले आहे: तिथे २०१० साली ८६,२४४ रुग्ण आणि ८१.५ कोटी डॉलर खर्च असा अंदाज आला.

तेव्हा बचत करायची ती गळतीत करा. बायकांना मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे आईंना कर्नाटकाच्या साध्या बसला तिकीट नाही. प्रत्येक वेळी तुम्हीच यायला हवे असे नाही; शेजारची बाई किंवा बहीण सोबत आली तर तिलाही तिकीट लागत नाही आणि तुमचा खाडा वाचतो. डोळ्यांची तपासणी, रक्त, बेडका आणि माझ्यासारख्या डॉक्टरची भेट एकाच दिवशी येईल अशी तारीख मागा. आम्ही डॉक्टर हे आपणहून करत नाही, रुग्णाने मागितले तर करतो, मागा. मधल्या महिन्यात फोनवर बोलून भागत असेल तर तसे ठरवून घ्या. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार आईंच्या किंवा बायकोच्या खात्यात येत असतील तर ते या गोळ्यांसाठी बाजूला ठेवायला सांगा, महिन्याचे औषध त्यात बसते.

आशाताई म्हणतात ते खरे आहे. निक्षय पोषण योजनेचे पैसे टीबीच्या रुग्णाला मिळतात. २०१८ पासून महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. एनटीएम टीबी नव्हे, म्हणून ना ते पैसे, ना सरकारी टीबी कार्यक्रमातले फुकट औषध. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. तीच बाई, तोच खोकला, तेच ३८ किलो वजन. कार्यक्रमाच्याच लॅबने जंतूचे नाव शोधून काढायचे आणि नाव कळताक्षणी ती कुणाचीच रुग्ण उरत नाही. खानापूरच्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, “टीबी न्हाई म्हटल्यावर बरं वाटाय पाह्यजे हुतं, पर आता गोळ्या कोण देतंय सांगा.” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. या तीनपैकी दोन गोळ्या टीबीच्याही आहेत, त्या सरकारी साठ्यात असतातच. जातीची खात्री झालेल्या रुग्णाची नोंद ठेवून त्याच खिडकीतून त्या देता येतील, जिल्ह्याच्या बैठकीत मी हे मांडत आलो आहे आणि मांडत राहीन.

विम्याचे असे. बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमधून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ते मुख्यतः भरती झाल्यावरचे. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, तिचाही रोख भरतीवरच आहे. तुमच्या आईंचा खर्च रोजच्या गोळ्यांचा, तो या दोन्हींत बसत नाही. तरी कार्डे तयार ठेवा. या रोगात खोकल्यातून एकाएकी जास्त रक्त येऊ शकते, तेव्हा भरती लागते आणि तेव्हा ही कार्डे उपयोगी पडतात. धाग्यापुरते रक्त आले तर दुसऱ्या दिवशी दाखवले तरी चालेल. अर्धी वाटी आले तर रात्र असली तरी गाडी काढा, बेळगावला बिम्स या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात. त्याच संदर्भात आणखी एक रक्ततपासणी सांगतो, अ‍ॅस्परजिलस या बुरशीची. जुन्या पोकळीत ही बुरशी एनटीएमच्या जोडीला बसलेली असते असे अनेकदा दिसते, आणि तिचे औषध व रिफाम्पिसिन यांचे पटत नाही, म्हणून ते आधी कळलेले बरे.

औषधाचे त्रास सांगून ठेवतो, कारण ते न सांगितल्यामुळे तिसऱ्या महिन्यात औषध सोडलेले रुग्ण मी फार पाहिले. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरू नका. ते बीपी, साखर आणि रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांचा जोर कमी करते, तेव्हा आईंच्या चालू गोळ्या दाखवा. इथॅम्ब्युटॉलने नजरेवर परिणाम होऊ शकतो आणि तो आधी रंगांत कळतो. दर रविवारी एक-एक डोळा झाकून आईंना कॅलेंडरवरचे लाल आकडे आणि दारातली हिरवी पाने पाहायला सांगा. रंग फिके वाटले किंवा अक्षर धूसर झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करा. अमिकासिनचा धोका कानाला आणि मूत्रपिंडाला. इथे तुमच्या आईंचा जुना इतिहास महत्त्वाचा आहे. २०१५ साली दुसऱ्यांदा टीबी झाल्यावर मिळालेला औषधाचा निळा डबा म्हणजे त्या वेळच्या पद्धतीत दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया, एकूण २४. ते औषध अमिकासिनचेच भावंड. कानावर त्याचा काही परिणाम आधीच झालेला असू शकतो. पहिली सुई टोचण्यापूर्वी कानाची यंत्रावरची तपासणी झालीच पाहिजे, नंतर दर महिन्याला. आईंना टीव्ही मोठा लावावा लागतो का, कानात शिट्टी वाजते का, हे तुम्ही घरीच पाहू शकता.

जेवणाचे फार लिहीत नाही. दिवसाला दोन अंडी, शेंगदाण्याची चटणी किंवा कूट, दूध, नाचणीची आंबील; आणि थोडे-थोडे पाच वेळा, कारण या गोळ्यांनी भूक मरते. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी आणि खाटेची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच, म्हणजे पोटातले वर येऊन फुप्फुसात जाणार नाही. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे बेडका काढायचा: खोल श्वास, थोडा रोखून धरायचा, मग तोंड उघडे ठेवून ‘हा’ करून जोरात सोडायचा, तीन-चारदा. फिजिओथेरपीवाल्यांकडून एकदा नीट शिकून घ्या. याला पैसा लागत नाही आणि औषध पोचायला वाट मोकळी होते. पाण्याची धास्ती घेऊ नका. बादलीने अंघोळ चालते, फक्त बारीक तुषार उडवणारा शॉवर नको. पिण्याचे पाणी उकळून घ्या, टाकी वर्षातून दोनदा तळापासून घासा, ते काम आईंनी करायचे नाही. शेणखत चाळणे, भाताचा कोंडा उडवणे हेही नाही. चूल शक्यतो बंद. त्यांना दम्यासाठी दिलेल्या पंपात स्टेरॉइड आहे का ते पाहा. असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण त्याची गरज आहे का हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण त्या पंपाने हा संसर्ग वाढायला मदत होते. एचआयव्ही आणि साखरेची तपासणी जुनी असेल तर एकदा करून घ्या.

सुरुवात या क्रमाने करा. आधी डोळे, कान, रक्त आणि हृदयाची पट्टी (ईसीजी), कारण अ‍ॅझिथ्रोमायसिनने काहींच्या ठोक्यांत फरक पडतो. क्लॅरिथ्रोमायसिनची चाचणी लॅबमध्ये लावून द्या. पोकळी असल्याने तिच्या निकालासाठी औषध अडवून धरायचे की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फायलीत लावा, वर एका पानावर मराठीतच का होईना साल आणि औषध लिहा. २०१५ आणि २०२३ ची नोंद निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत सापडू शकते, आशाताईंना आईंचा नंबर काढून द्यायला सांगा. आणि २००९ चा तो एक्स-रे कुठे माळ्यावर पडला असेल तर शोधून आणा. पोकळी जुनी की नवी, हे मला त्या फिल्मवरून कळेल.